धम्म-अभ्यास पाठ : जुगारी घडतो कसा?

प्रत्येक वस्तीत असा एक तरी माणूस असतो. पगाराच्या दिवशी त्याची बायको नाक्यावर जाऊन उभी राहते, कारण तो घरी पोचण्याआधी पैसे कोठे पोचतील हे तिला ठाऊक असते. वस्ती त्याला नावे ठेवते. 'त्याच्या नशिबातच ते आहे', 'बापही तसलाच होता', 'रक्तातच आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो. सायंकाळी मात्र आपणच विहारात त्रिशरण-पंचशील म्हणतो आणि ज्या धम्मात नशिबाला जागा नाही त्या धम्माचे अनुयायी म्हणवितो. ही विसंगती आपल्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत पाठात तिचाच विचार करावयाचा आहे. जुगारी माणूस घडतो कसा, आणि घडलेला जुगारी सुटतो कसा, हे आपले दोन प्रश्न आहेत.

सिगालास केलेला उपदेश

तथागत राजगृहाजवळ वेळुवनात राहत असताना सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र त्यांना दिसला. ओल्या वस्त्रांनी आणि ओल्या केसांनी तो सहा दिशांना हात जोडीत होता. मरताना वडिलांनी तसे सांगितले होते म्हणून तो करीत होता. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तथागतांनी त्याला खऱ्या सहा दिशा समजावून सांगितल्या. आईवडील ही पूर्व, गुरुजन ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, कामकरी माणसे ही खालची दिशा आणि श्रमण ही वरची. ही नाती सांभाळणे हीच दिशांची पूजा. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये हा उपदेश आवर्जून घेतला आहे.

याच उपदेशात संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत : मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, खेळ-तमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. पुढे जुगाराचे सहा दुष्परिणाम वेगळे मोजून दाखविले आहेत. जिंकला तर त्याचा द्वेष होतो. हरला तर तो गेलेल्या धनासाठी झुरतो. असलेली संपत्ती प्रत्यक्ष नष्ट होते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ लेखतात. आणि त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण जुगारी बायकोला पोसू शकणार नाही असे लोक म्हणतात.

या सहांत नरकाची भीती नाही, पुढच्या जन्मातील शिक्षाही नाही. सर्व सहा दुष्परिणाम याच जन्मात, याच गल्लीत दिसणारे आहेत. त्यांतील फक्त दोन पैशाविषयी आहेत. उरलेले माणसाच्या मनाविषयी आणि नात्यांविषयी आहेत. सिगालाला ज्या सहा दिशा राखावयास सांगितल्या, त्याच दिशा जुगारी एकेक करून गमावतो.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. ज्या धर्मातून आपण बाहेर पडलो त्या धर्माच्या महाकाव्यात द्यूतात भाऊ आणि पत्नी पणाला लावणारा राजा 'धर्मराज' म्हणून ओळखला जातो, आणि द्यूताचे आव्हान नाकारणे क्षत्रियाला कमीपणाचे मानले जाते. प्राचीन आर्य समाजात जुगार किती बोकाळला होता हे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात दाखवून दिले आहे. तथागत स्वतः शाक्य कुळातील होते, क्षत्रिय होते. पण जुगाराला त्यांनी कुळाची प्रतिष्ठा दिली नाही, त्याला नाशाचे दार म्हटले.

काही उपासक विचारतात, 'बावीस प्रतिज्ञांत दारूचा स्पष्ट उल्लेख आहे, जुगाराचा नाही. मग तो चालतो का?' प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यावयास हवे. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, अष्टांगिक मार्गाचे पालन करीन, अशा प्रतिज्ञा आपण घेतल्या आहेत. मुलाच्या फीचे पैसे बायकोला न सांगता उचलणे हे न दिलेले घेणेच होय. 'पाकीट मारले गेले' असे घरी सांगणे हे खोटेच होय. जुगाराची ओढ वाढू लागली की या दोन प्रतिज्ञा सर्वांआधी मोडतात.

एका जुगाऱ्याचे जीवन

जुगारी कसा घडतो हे समजण्यासाठी एखाद्याचे सबंध जीवन डोळ्यांसमोर असावे लागते. आपल्या वस्तीतील जुगाऱ्याने आपली हकिकत लिहून ठेवलेली नसते. म्हणून ज्याची हकिकत त्याच्या स्वतःच्या पत्रांतून आणि त्याच्या पत्नीच्या रोजनिशीतून व आठवणींतून तपशीलवार उपलब्ध आहे, अशा एका परदेशी माणसाचे उदाहरण घेऊ. तो म्हणजे रशियाचा थोर कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की. तो श्रद्धावान ख्रिस्ती होता. त्याची मते आपल्याला येथे पाहावयाची नाहीत. त्याचे जीवन अभ्यासावयाचे आहे.

त्याचा जन्म १८२१ साली मॉस्को येथे झाला. वडील गरिबांच्या रुग्णालयात डॉक्टर होते आणि कुटुंब रुग्णालयाच्या आवारातच राहत असे. वडिलांचा स्वभाव कडक आणि संशयी. १८३७ साली आई क्षयाने वारली आणि मुलाला लवकरच पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत घालण्यात आले. त्या शाळेत श्रीमंतांची मुले होती. त्यांच्या बरोबरीने राहता यावे म्हणून हा वडिलांना पैशासाठी पत्रे लिही. १८३९ साली वडीलही वारले. त्यांच्याच कुळांनी त्यांना मारले अशी बोलवा होती. अठरा वर्षांच्या आत मुलगा पोरका झाला.

१८४६ साली पहिल्याच कादंबरीने त्याचे नाव झाले. पण १८४९ साली राजसत्तेविरुद्ध विचार करणाऱ्या एका मंडळात जात असल्याबद्दल त्याला अटक झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याला व त्याच्या साथीदारांना वधस्थानी उभे करून मृत्युदंड वाचून दाखविण्यात आला. पहिल्या तिघांना खांबाला बांधले गेले. हा पुढच्या तिघांत होता. बंदुका रोखल्या गेल्यावर झारची 'दया' जाहीर झाली. हा सारा देखावा आधीच ठरलेला होता. पुढे चार वर्षे सायबेरियात ओम्स्कच्या तुरुंगात पायांत बेड्या घालून सक्तमजुरी, आणि त्यानंतर साध्या शिपायाची नोकरी. अपस्माराचा विकारही त्याच्या मागे लागला. या तुरुंगावर त्याने पुढे जे पुस्तक लिहिले त्यात रात्री बराकीत चोरून पत्ते खेळणारे कैदी आहेत. ज्याचे सर्व स्वातंत्र्य हिरावले गेले आहे त्याला पैसा उडविण्यात क्षणभर आपण मोकळे आहोत असे वाटते, हे त्याने तेथे बारकाईने टिपले आहे.

१८५९ च्या अखेरीस तो राजधानीत परतला. १८६२ साली प्रथम परदेशी गेला. तेव्हा जर्मनीच्या स्नानक्षेत्रांत रूलेटची जुगारगृहे राजरोस चालत. १८६३ साली वीसबाडेन येथे त्याने १०,४०० फ्रँक जिंकले. हा जिंकण्याचा दिवस त्याच्या आयुष्यातील फार घातक दिवस ठरला. जिंकण्याचे रहस्य आपल्याला सापडले आहे, डोके थंड ठेवले की झाले, असे त्याने पत्रातून नातेवाइकांना कळविले. थोड्याच दिवसांत बाडेन-बाडेन येथे तो पैसा बहुतेक सर्व गेला. रहस्यावरचा विश्वास मात्र गेला नाही.

१८६४ साली आजारी पत्नी आणि जिवाभावाचा थोरला भाऊ काही महिन्यांच्या अंतराने वारले. भावाच्या मासिकाचे कर्ज त्याने आपल्या अंगावर घेतले. १८६५ साली पैशाच्या निकडीने एका प्रकाशकाशी करार केला : ३,००० रूबल घ्यावयाचे आणि ठरलेल्या तारखेपर्यंत नवी कादंबरी द्यावयाची, न दिल्यास पुढील नऊ वर्षे त्याचे सर्व लेखन प्रकाशकाला फुकट. त्याच उन्हाळ्यात वीसबाडेनला पाच दिवसांत तो हातातले सर्व हरला. खाणावळीच्या मालकाने जेवण बंद केले आणि नुसत्या चहावर दिवस काढण्याची पाळी आली. करारातील कादंबरी त्याने १८६६ च्या ऑक्टोबरात २६ दिवसांत सांगून लिहवून घेतली. तिचे नाव 'जुगारी'. ती लघुलिपीत उतरवून घेणारी तरुणी ॲना ग्रिगोर्येव्हना पुढील वर्षी त्याची पत्नी झाली.

१८६७ च्या उन्हाळ्यात नवविवाहित जोडपे सुमारे सात आठवडे बाडेन-बाडेनला राहिले. तेथे लग्नाच्या अंगठ्या, पत्नीची कर्णभूषणे, शाल आणि कपडेसुद्धा गहाण पडले. तो हरून येई, तिच्या पायांशी बसून रडे, शपथ घेई, आणि उरलेले नाणे घेऊन पुन्हा जाई. १८६८ साली जिनिव्हात त्यांना मुलगी झाली आणि तीन महिन्यांची होऊन गेली. त्या काळातही तो खेळतच होता.

एप्रिल १८७१ मध्ये तो वीसबाडेनला शेवटचा खेळला. परतीच्या प्रवासासाठी पत्नीने पाठविलेले पैसेही हरला. त्या रात्री त्याने तिला पत्र लिहिले की सुमारे दहा वर्षे छळणारा तो भ्रम आता संपला. अशी वचने त्याने पूर्वी किती दिली होती! पण हे टिकले. १८८१ साली मृत्यू येईपर्यंत तो पुन्हा खेळला नाही.

कारणांची साखळी

आता हे जीवन धम्माच्या दृष्टीने तपासू. हे असल्यामुळे ते होते, हे नसले की ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम आपण जाणतो. फ्रॉइड या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली दोस्तोयेव्हस्कीच्या जुगाराचे मूळ वडिलांविषयीच्या त्याच्या अपराधी भावनेत शोधले. ते एक कारण असू शकेल. पण धम्म एकाच कारणावर थांबत नाही. आपल्याला किमान पाच प्रत्यय येथे दिसतात.

पहिला : लहानपणी आधार तुटणे आणि बरोबरीच्या मुलांत पैशाने कमी पडण्याची लाज.

दुसरा : सत्तेने केलेला अपमान आणि गमावलेले स्वातंत्र्य. ज्याचा जीवनावरचा ताबा दुसऱ्याने काढून घेतला, त्याला एका नाण्याच्या फेकीत तो परत मिळाल्यासारखा वाटतो.

तिसरा : कर्ज. कष्टाने फिटणार नाही इतके कर्ज झाले की माणूस एका दिवसात फेडण्याची वाट शोधतो.

चौथा : सुरुवातीची जीत. वेदनेतून तृष्णा उपजते असे तथागतांनी सांगितले. जिंकण्याच्या त्या एका सुखद वेदनेने तृष्णा पेटविली आणि 'मला रहस्य कळले आहे' या मिथ्या दृष्टीने ती आठ वर्षे तेवत ठेवली.

पाचवा : उघडे दार. जुगारगृह चालू होते, म्हणून खेळ चालू होता.

या पाचांत कोठेही 'जन्मजात जुगारी' सापडत नाही. गतजन्मीचे पाप सापडत नाही. ललाटरेषा तर नाहीच. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली जुगाराच्या अनावर ओढीला मनोविकारांच्या यादीत घातले आणि २०१३ साली तिला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या वर्गात बसविले. विकाराला कारण असते आणि कारणावर उपाय करता येतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. परिस्थितीने प्रत्यय पुरविले म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही. वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये स्मृतीला जागा आहे. त्याच ठिकाणी माणूस थांबू शकतो. तेथे थांबण्याचा अभ्यास हाच धम्माचा अभ्यास.

आपल्या दारातला मटका

आता आपल्याकडे वळू. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर सट्टा चालत असे. १९६० नंतर ते आकडे बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरविण्याची पद्धत पडली, म्हणून नाव पडले 'मटका'. जुगाराला प्रतिबंध करणारा कायदा मुंबई इलाख्यात १८८७ सालापासून होता, तरी वरळीपासून गिरणगावापर्यंत आणि पुढे गावोगावच्या टपऱ्यांपर्यंत 'ओपन' आणि 'क्लोज' पोचला. गिरणीतही कापडखात्यात धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तेथे घेत नसत, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. कमी पगार, सावकाराचे व्याज, दाटीची खोली आणि खाली उतरताच टपरी : दोस्तोयेव्हस्कीच्या पाचही प्रत्ययांची येथे ओळख पटते.

मटक्याचे गणित मुलांनाही समजेल असे आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. दहा माणसांनी एकेका आकड्यावर एकेक रुपया लावला तर बुकीकडे दहा रुपये जमले. आकडा एकाचाच लागणार आणि त्याला नऊपट भावाने नऊ रुपये मिळणार. एक रुपया बुकीचा. हा रुपया रोज, दोन्ही वेळा, न चुकता निघतो. रूलेटच्या एका शून्याच्या चाकातही हेच आहे : घरे ३७, आणि लागलेल्या घराला लावलेल्या नाण्यासकट मिळतात ३६. दोस्तोयेव्हस्कीसारख्या बुद्धिमंताला जे रहस्य सापडले नाही, ते नसल्यामुळेच सापडले नाही.

पण याहून मोठी हानी दृष्टीची आहे. आकडा लावणारा रात्रीच्या स्वप्नाचा आकडा काढतो. बुवाच्या तोंडून निघालेल्या शब्दाचा आकडा काढतो. अपघात झालेल्या गाडीच्या नंबराचा आकडा काढतो. एखादा वार शुभ, एखादा माणूस अपशकुनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर लक्षावधी लोकांनी ज्या दैववादाला मूठमाती दिली, तोच दैववाद चिठ्ठीच्या तुकड्यावर बसून परत घरात येतो. देव्हारा काढला, पण 'नशीब' नावाचा देव राहिला, तर धर्मांतर अर्धेच झाले. आज तर टपरीपर्यंत जाण्याचीही गरज उरली नाही. तरुणाच्या खिशातल्या मोबाइलमध्येच जुगारगृह शिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने दार लोटले जाते. पण आत ओढणारी तृष्णा घरातच असते.

सुटकेचा मार्ग

दोस्तोयेव्हस्की सुटला तो केवळ शपथेने नव्हे. शपथा त्याने पूर्वीही घेतल्या होत्या. या वेळी प्रत्यय बदलले. पत्नीला पुन्हा दिवस गेले होते. मायदेशी परतण्याचे ठरले होते, आणि जुलै १८७१ मध्ये ते परतले. ॲनाने व्यवहार आपल्या हाती घेतला. सावकारांशी ती स्वतः बोलली, १८७३ पासून पतीची पुस्तके स्वतः छापून विकली आणि त्याच्या मृत्यूच्या सुमारे वर्षभर आधी कर्ज फिटले. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतील जुगारगृहेही कायद्याने बंद झाली. पतीचा जुगार म्हणजे निव्वळ मनाचा दुबळेपणा नसून एक दुखणे आहे, हे तिने ओळखले आणि त्याची अवहेलना केली नाही. खेळायला पैसे पुरविण्याची तिची पूर्वीची रीत मात्र आपण उचलू नये. हिशेब हाती घेण्याची उचलावी.

यावरून आपल्या वस्तीसाठी पुढील गोष्टी निघतात.

१. जुगारी माणसाला विहारातून हाकलू नये. ज्या संघात अंगुलिमालाला जागा मिळाली त्याच्या अनुयायांनी आकडा लावणाऱ्याला दार बंद करणे शोभत नाही.

२. त्याचे कर्ज परस्पर फेडू नये. सर्व देणी त्याच्याकडून कागदावर लिहवून घ्यावीत आणि पगार थेट घरच्या हाती यावा अशी व्यवस्था त्याच्याच संमतीने करावी.

३. संगत बदलावी. जुगार सुटला की संध्याकाळ रिकामी होते. ती भरली नाही तर जुनी टपरी भरील. वाचन, मुलांचा अभ्यास, विहाराचे काम, काहीही असो, पण रोज असावे.

४. ओढ उठेल तेव्हा लगेच उठून न जाता श्वासावर लक्ष ठेवून बसावे. ओढ उपजते, वाढते आणि ओसरते हे त्याने एकदा स्वतः पाहिले पाहिजे. अनित्यतेचा याहून जवळचा पाठ नाही.

५. पुन्हा पाय घसरला तर लपवू नये, विश्वासाच्या एका धम्मबंधूला त्याच दिवशी सांगावे. ओढ आवरतच नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

नाक्यावर उभी राहणारी ती बाई आपल्याच संघाची उपासिका आहे. तिच्या शेजारी जाऊन आपण उभे राहिलो, तर पुढच्या पगाराला तिला तेथे उभे राहावे लागणार नाही, अशी व्यवस्था आपल्याला करता येईल. सिगालाला सांगितलेली मित्राची दिशा हीच.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. जुगाराच्या सहा दुष्परिणामांपैकी कोणते आपण स्वतः पाहिले आहेत? कोणाचेही नाव न घेता सांगा.

२. 'नशीब' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा आणि कशासाठी वापरतो?

३. आपल्या वस्तीत जुगाराचे कोणते प्रत्यय आहेत? त्यांपैकी कोणता एक आपण या वर्षावासात काढून टाकू शकतो?

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!